चार अंशांवरची रिझलिंग

मित्रांनो, मी एक जुना थर्मामीटर आहे आणि सध्या मी चिडलेलो आहे. माणसाच्या काखेत ठेवतात तो मी नव्हे. मी वाइनच्या ग्लासात बुडी मारणारा, वीतभर लांबीचा, काचेचा, लाकडी म्यानात राहणारा. माझ्या पोटात एक बारीक लाल रेघ आहे. ती वर चढते, खाली उतरते आणि जे असेल ते सांगते. मला खोटे बोलता येत नाही. हा एवढा एकच गुण माझ्यात आहे आणि लोकांना नेमकी त्याचीच अडचण होते.

लहान मित्रांनी हे फक्त ऐकायचे. ग्लास हातात घ्यायला तुम्हांला अजून पुष्कळ वर्षे आहेत. पण राग कशाचा यावा, हे कळायला वय लागत नाही.

माझा जन्म माइन नदीकाठच्या एका काचकारखान्यात झाला, १९५८ साली. माझ्या अंगावर आकडे घालणारी बाई हाताने फार पक्की होती. शून्यापासून तीसपर्यंतच्या रेघा तिने न थांबता ओढल्या आणि आठ ते बारा या आकड्यांच्या मागे एक हिरवी पट्टी रंगवली. "या पट्टीत राहिलास तर तुझं कौतुक होईल," असे ती मला म्हणाली होती. मी तिच्यावर विश्वास ठेवला. पट्टीत राहणे माझ्या हातात नसते, ते मला धरणाऱ्याच्या हातात असते, हे तिने सांगितले नाही.

त्रीअरच्या जत्रेत मला आलोइस टीलेनने विकत घेतले. मोझेल नदीच्या एका वळणावर त्याची द्राक्षे होती. बोटीतून उतरून त्याच्या गावाकडे पाहिले की डोक्यावरची टोपी पडेल इतका उभा एक कडा दिसतो. त्यावर काळ्या पाटीच्या दगडांचा खच, आणि त्या दगडांतून वर आलेल्या वेली. प्रत्येक वेलीला एकच खांब, आणि तिच्या दोन फांद्या वाकवून त्या खांबाला बांधलेल्या. गावात त्याला बोकडकडा म्हणतात, कारण तिथे सरळ चालणे बोकडालाच जमते. या कड्यावर रिझलिंग या पांढऱ्या द्राक्षाशिवाय दुसरे काही लावायचे आलोइसच्या बापालाही सुचले नव्हते.

आलोइसने मला घेतले ते हौसेने नव्हे. त्याचा अपमान झाला होता. वसंत ऋतू आला की टीलेनांच्या फाटकावर बर्चच्या डहाळ्यांचा गुच्छ टांगला जाई. गुच्छ दिसला की गावाला कळायचे, अंगण उघडले. वर्षातले चार महिने, चाळीस खुर्च्या, घरची वाइन आणि घरचेच खाणे. सरकारी नियम तेवढीच परवानगी देतो. आलोइस बाटल्या झऱ्याच्या कुंडीत बुडवून ठेवायचा आणि बोटे बधिर होतील इतक्या गार करून आणायचा. एकदा एका पाहुण्याने जाताना त्याला सांगितले, "टीलेन, तुझी वाइन फार छान आहे. पण मागच्या वेळी नेलेली बाटली घरी उघडली तेव्हा मला ते कळलं." आलोइस आठवडाभर कोणाशी धड बोलला नाही. मग तो जत्रेला गेला.

तेव्हापासून पंचवीस वर्षे मी त्याच्या एप्रनच्या खिशात राहिलो. प्रत्येक नव्या बाटलीचा पहिला ग्लास माझा असे. मी बुडी मारायची, लाल रेघ स्थिर व्हायची, आलोइस चष्मा कपाळावर चढवून बघायचा. सहा दिसले तर तो ग्लास दोन्ही तळव्यांत धरून उभा राहायचा. चौदा दिसले तर बाटली परत कुंडीत. आठ-नऊ दिसले की कोवळी, हलकी वाइन टेबलावर जाई. कड्यावरची जुनी, भरलेल्या अंगाची वाइन तो अकराच्या खाली कोणाला देत नसे. मागणारा गावचा पाद्री असला तरी.

रिझलिंग म्हणजे काय, हे मी त्याच्याकडून शिकलो. ती मुळात आंबट बाईच आहे. ती आंबट आहे म्हणूनच ती वीस वर्षे टिकते. तिच्या अंगात गोडवा असतो किंवा नसतो. काहींना वाटते रिझलिंग म्हणजे गोडच, त्यांनी जन्मात एकदाच प्यायलेली असते. पण तिचा खरा जीव वासात आहे. कोवळी असताना हिरवे सफरचंद आणि लिंबाची साल, थोडी मोठी झाली की पिकलेले पीच, मध, ऊन खाऊन भिजलेला दगड. हा वास गारठ्यात बाहेर येत नाही. तीन-चार अंशांवर जीभ बधिर होते, वास तळाशी दडी मारतो आणि माणसाला फक्त आंबटपणा लागतो. मग तो नाक मुरडून म्हणतो, यात काय आहे? आणि पंधरा-सोळावर गेली तर ती सैल पडते, दारूचा भपका तेवढा उरतो.

ग्लास तो तिसरा हिस्साच भरायचा. वरचा भाग रिकामा दिसला की लोकांना वाटे टीलेन चिक्कू आहे. "ती रिकामी जागा वासाची आहे," तो ओरडायचा. "तिथे नाक घाला. पोट नंतर भरा!" कोणी ग्लासाचे पोट मुठीत धरले तर तो त्याची बोटे सोडवून देठाला लावून द्यायचा. एकदा कोलोनच्या एका साहेबाने जुनी बाटली हुंगली आणि म्हणाला, "याला रॉकेलचा वास येतोय." खरेच येतो, मित्रांनो. रिझलिंग वयात आली की तिला रॉकेलसारखा एक वास येतो आणि जाणकार त्यासाठी जीव टाकतात. आलोइसने त्याचा ग्लास काढून घेतला. "साहेब, तुम्ही लिंबू सरबत घ्या," तो म्हणाला आणि खरोखरच त्याच्यापुढे सरबत ठेवले.

इर्मट्राउड या घरात सून होऊन आली ती चांभाराची मुलगी, बिअर पिणाऱ्या घरातली. पहिल्याच उन्हाळ्यात आलोइसने मला तिच्या हातात दिले. "पोरी, वाचता येतं ना?"

"येतं की."

"मग हा काय म्हणतो ते वाच. आणि हा म्हणतो तेच खरं. मी म्हणेन ते नव्हे, गिऱ्हाईक म्हणेल ते तर मुळीच नव्हे."

तिने ते ऐकले. आलोइस गेला, पुढे तिचा नवराही गेला, तरी मी तिच्या एप्रनमध्ये होतोच. सकाळी ती बोकडकड्यावर चढायची, दुपारी अंगणात उभी राहायची. कड्यावर तिने चव्वेचाळीस वर्षे काढली. कुठली वेल कुठल्या साली दगड कोसळून मोडली आणि पुन्हा फुटली, हे तिला पाठ होते. तिचे गुडघे तिथेच गेले. त्याबद्दल ती कधी रडली नाही, पण कड्याला कोणी नावे ठेवली की तिचा आवाज चढायचा.

आता तिच्या मुलाचे सांगतो. फोल्कमार वाईट माणूस नाही. तो वाईट असता तर मला रागावणे सोपे गेले असते. तो कष्टाळू आहे, आईला मानतो, आणि त्याच्या डोक्यात एक गोष्ट घट्ट बसली आहे. पांढरी वाइन म्हणजे थंड, आणि उत्तम पांढरी वाइन म्हणजे अतिथंड. एका उन्हाळ्यात त्याने अंगणाच्या कोपऱ्यात काचेच्या दाराचा एक फ्रीज आणून ठेवला. आत निळा दिवा, दारावर आकडा: चार. त्या आकड्याकडे तो कौतुकाने बघत उभा राहिला होता.

"आई, आता त्या नळीची गरज नाही," तो म्हणाला. नळी म्हणजे मी.

"चार फार थंड होतं रे," इर्मट्राउड म्हणाली.

"लोकांना थंड लागते. बाहेर तीस अंश ऊन आहे, आणि तू त्यांना तळव्यात धरून ग्लास गरम करून देणार? हसतील."

 तिने हे ऐकून घेतले, याचा राग मला फोल्कमारपेक्षा जास्त आला. मला तिने अंगणातल्या वाढपाच्या टेबलाच्या खणात ठेवले, बूच काढायचे स्क्रू आणि काड्यापेट्यांच्या सोबतीला. तो खण फुगलेला असल्यामुळे कधी पूर्ण बंद होत नाही, म्हणून निदान मला दिसत आणि ऐकू येत होते. उन्हाळ्यात फोल्कमारची पोरे मला त्यांच्या फुगवलेल्या टबात सोडायची. "अठ्ठावीस!" असे ओरडायची आणि पाण्यात उड्या मारायची. ज्याने कड्यावरची वाइन मोजली, त्याने पोरांचे साबणाचे पाणी मोजले. माझ्या अंगाचा तिळपापड झाला, पण थर्मामीटरने चिडून करायचे काय? मी अठ्ठावीस दाखवले, कारण अठ्ठावीसच होते.

या घरात काय घडत होते ते नीट समजून घ्या. फोल्कमारकडे दोन वाइनी होत्या. एक नदीकाठच्या सपाट मळ्यातली, साधी, रोज खपणारी. ती इतकी झपाट्याने संपायची की तिला फ्रीजमध्ये जागाच नव्हती. तिचे खोके तळघरातून थेट टेबलावर यायचे, आणि तळघर बारा महिने दहा अंशांवर असते. दुसरी बोकडकड्याची. ती मानाची. म्हणून ती फ्रीजच्या सगळ्यात खालच्या फळीवर, जिथे गारवा सगळ्यात जास्त. ज्या वाइनला कोणी विचारत नव्हते तिला योग्य तापमान मिळत होते, आणि जिचा मान राखायचा तिला हे लोक गोठवत होते. सहा वर्षे गिऱ्हाइके सपाट मळ्याची वाइन वाखाणत होती आणि कड्याची अर्धी टाकून जात होती. घरात कोणाच्याही डोक्यात प्रकाश पडला नाही.

शेवटी फोल्कमार कंटाळला. एका संध्याकाळी अंगण आवरताना तो आईला म्हणाला, "बोकडकडा माझी कंबर खातो आणि बाटल्या पडून राहतात. चव उरली नाही त्या वेलींत. म्हाताऱ्या झाल्या."

"वेली म्हाताऱ्या झाल्या की वाइन चांगली होते. मूर्खासारखं बोलू नकोस."

"मग लोक का पीत नाहीत? सांग ना." त्याने खुर्च्या एकावर एक रचल्या. "पेंटेकॉस्टच्या सणाच्या आदल्या दिवशी, शनिवारी, त्रीअरच्या क्विंट बाई येतायत. त्यांचं दुकान मोठं आहे, त्यांची जीभ सगळी नदी मानते. त्यांनी कड्याची वाइन घेतली तर कडा ठेवू. नाही घेतली तर पानगळीनंतर वेली काढायच्या. कबूल?"

बराच वेळ ती टेबल पुसत राहिली. स्वच्छ झालेले टेबल पुसत राहिली. मग म्हणाली, "कबूल."

मित्रांनो, त्या शनिवारी पहाटे काय झाले ते सांगताना माझा आजही संताप होतो. इर्मट्राउड लवकर उठून अंगणात आली. तळघरातून कड्याच्या सहा बाटल्या तिने स्वतः निवडून आणल्या होत्या. त्या तशाच टेबलावर ठेवल्या असत्या तर काम झाले असते. पण तिने त्या एप्रनने पुसल्या, क्षणभर थांबली आणि फ्रीज उघडून एकेक करून खालच्या फळीवर मांडल्या. चांगल्या बाटल्या तिथे ठेवायच्या, हे मुलाचे म्हणणे तिच्याही अंगवळणी पडले होते. मी खणात होतो, तिच्यापासून दोन हातांवर. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली असती, मला तळपाय आणि मस्तक असते तर!

क्विंट बाई अकराला आल्या. उंच, करड्या केसांच्या, कामाशी काम ठेवणाऱ्या. बसल्या बसल्या त्यांनी सांगितले, "बाराच्या आत मला गाडीसकट नावेने नदी ओलांडायची आहे. तुमचा नाववाला बारा ते एक जेवायला जातो आणि पंतप्रधान आला तरी उठत नाही."

फोल्कमारने आधी सपाट मळ्याची दिली. त्यांनी हुंगली, घोट घेतला, मान डोलावली. "प्रामाणिक आहे. सफरचंद, थोडं पीच. रोजच्या जेवणाला छान." वहीत काहीतरी लिहिले. मग फोल्कमार छाती काढून फ्रीजकडे गेला आणि बोकडकड्याची बाटली घेऊन आला. बाटलीवर दव जमले होते. ग्लास त्याने मानाने काठोकाठ भरला. ग्लासही पांढरा पडला. माझा जीव टांगणीला लागला होता.

बाईंनी नाक घातले, पण भरलेल्या ग्लासात नाकाला जागा कुठे? घोट घेतला. दुसरा घेतला. चेहरा आखडला. "टीलेन, खोटं कशाला बोलू? यात मला आंबट पाण्याशिवाय काही लागत नाही. ती पहिली मी घेते. ही नको."

"म्हाताऱ्या वेली आहेत," इर्मट्राउड म्हणाली. तिचा आवाज अगदी खाली गेला होता.

"म्हाताऱ्या असतील. मला चव पाहायची असते, वय नाही," बाई म्हणाल्या. घड्याळ पाहिले, हात मिळवला आणि गाडीत बसून नावेच्या घाटाकडे गेल्या. भरलेला ग्लास आणि उघडी बाटली टेबलावर सावलीत तशीच राहिली.

"संपलं, आई," फोल्कमार म्हणाला. त्याने ते प्रेमाने म्हटले, आणि ते ऐकून मला जास्तच चीड आली. इर्मट्राउड बाकावर बसली आणि हात मांडीवर ठेवून राहिली.

बाराला थोडी मिनिटे असताना शेजारचा माथेस आला. माथेस सत्तरीचा, विधुर. फाटकावर गुच्छ असला की दुपारचे जेवण त्याचे इथेच, आणि टेबलावर भरलेला ग्लास तसाच सोडलेला दिसला की तो वाया जाऊ न देणे हे त्याचे व्रत. "ट्राउडेल, बटाट्याची धिरडी आहेत ना?" असे इर्मट्राउडला विचारत त्याने क्विंट बाईंचा ग्लास उचलला आणि तोंडाला लावला. मग तो थांबला. पुन्हा प्यायला.

"काय गं ए," तो म्हणाला, "ही चोरून ठेवतेस होय? इतकी वर्षं मला नदीकाठची पाजलीस आणि असली वाइन त्रीअरच्या बाईला?"

"थट्टा करू नकोस, माथेस. आज नको."

"थट्टा कसली? हे बघ, हुंग. तुझा सासरा जिवंत झालाय यात."

तिने ग्लास घेऊन हुंगला. तिच्या चेहऱ्यावरचा रंग बदललेला मी पाहिला. ती उठली, गुडघे विसरून उठली, आणि खण इतक्या जोरात ओढला की स्क्रू जमिनीवर पडले. सहा वर्षांनी तिची बोटे माझ्या अंगाला लागली. तिने मला ग्लासात बुडवले. अकरा. मग फ्रीज उघडून एका नव्या बाटलीचे बूच काढले, दुसऱ्या ग्लासात ओतले आणि मला त्यात बुडवले. लाल रेघ घसरत घसरत खाली आली आणि थांबली. चार.

"फोल्कमार!" गल्लीतल्या कुत्र्यांनी भुंकायला सुरुवात केली. "इकडे ये! हे वाच!"

त्याने वाचले. "चार. मग? चारच तर ठेवलाय."

"ही तीच वाइन आहे! हा म्हणतो ती सकाळी मेलेली होती. तू त्या बाईला मेलेली वाइन पाजलीस!"

"आई, बाटल्या तू ठेवल्यास तिथे."

 माथेसने पुढे होऊन उगाच खुर्ची सरळ केली.

"हो," इर्मट्राउड म्हणाली. "मी ठेवल्या. चव्वेचाळीस वर्षं मला माहीत होतं आणि तरी मी ठेवल्या. माझ्याच हाताने कडा विकायला निघाले होते मी." तिने टेबलावर राहिलेली उघडी बाटली उचलली, थोडी ग्लासात ओतून मला बुडवले. नऊ. "चालेल. माथेस, धिरडी तव्यावर आहेत, जळू देऊ नकोस."

"आई, कुठे चाललीस? गावात हसं होईल!"

"होऊ दे."

घाटावर क्विंट बाईंची गाडी उभी होती. नाव पलीकडे, नाववाला आज वेळेआधीच जेवायला. बाई काच वर करून पाव खात बसल्या होत्या. इर्मट्राउडने काचेवर टकटक केले तशी काच खाली झाली. धापा टाकत तिने ग्लास तिसरा हिस्सा भरला, मला त्यात बुडवून दाखवले आणि म्हणाली, "दहा. आता चाखा."

"अहो, मी निर्णय सांगितलाय ना?"

"तो फ्रीजचा निर्णय होता. तुमचा सांगा."

बाईंच्या भुवया वर गेल्या. पण इर्मट्राउडची जीभ सुटली होती, आणि खरे सांगतो, मित्रांनो, मला तिचे पाय धरावेसे वाटले. "आणि तुम्ही तरी कशा चाखणाऱ्या? पोराचं चुकलं, माझं चुकलं. पण तुम्हांला ग्लास दवाने पांढरा पडलेला दिसला नाही? दहा मिनिटं हातात धरून थांबायचं होतं! तुम्ही घाई केलीत आणि शिक्षा माझ्या वेलींना दिलीत!"

क्विंट बाई लाल झाल्या. वाटले की त्या काच वर करतील. पण त्या गाडीतून खाली उतरल्या, ग्लास देठाला धरून घेतला आणि नाक आत घातले. तसेच ठेवले. घोट घेतला तेव्हा त्यांनी डोळे मिटले होते. मागून फोल्कमार धावत आला आणि दोन पावलांवर थबकला.

"ही सकाळचीच?"

"तीच बाटली."

"मला ही हवी," बाई म्हणाल्या. "जेवढी आहे तेवढी, आणि पुढच्या वर्षीचीही. त्याबद्दल आपण नीट बसून बोलू." मग त्या गाडीला टेकल्या. "टीलेन बाई, मी पहाटेपासून या काठावर चार घरी जाऊन आले. चारही ठिकाणी मानाची बाटली फ्रीजमधून आली. चारही ठिकाणी मी नाही म्हणून आले."

 पलीकडच्या काठावर नाववाला हात धूत होता. फोल्कमारने आईच्या हातातून बाटली घेतली, तिथेच तोंडाला लावली, आणि मग तो नदीकडे तोंड करून उभा राहिला.

इथे गोष्ट संपली असती तर मी चिडलो नसतो. पानगळीनंतर फोल्कमार करवत नव्हे तर कुदळ घेऊन कड्यावर चढला, हे खरे. पण त्याने माझे काय केले ते ऐका. त्याने सुताराकडून एक चौकट करून आणली. आत मखमल, मखमलीवर मी, वरून काच, खाली पितळी पट्टी: 'टीलेन घराचा मान'. चौकट त्याने बैठकीच्या खोलीत भिंतीवर लावली. पाहुणे येत, माझ्याकडे बोट दाखवत, फोल्कमार घाटावरची गोष्ट रंगवून सांगे. आणि गोष्ट संपली की अंगणात जाऊन त्याच फ्रीजमधून बाटली काढी. उन्हाळ्यात लोकांनी गार मागितली म्हणून त्याने आकडा पुन्हा चारवर नेला होता! काचेआड मी चोवीस दाखवत होतो, म्हणजे बैठकीच्या हवेचे तापमान. जे यांना मोलाचे वाटते ते हे लोक वापरातून काढून टाकतात. वाइनचे तेच केले, माझे तेच केले.

पुढच्या पेंटेकॉस्टला क्विंट बाई पुन्हा यायच्या होत्या, या वेळी त्यांच्याबरोबर चार दुकानदार. त्या सकाळी इर्मट्राउड काठी टेकत बैठकीत आली. तिला आता अंगणातही फार उभे राहवत नाही. ती चौकटीसमोर थांबली. फोल्कमार मागे उभा होता.

"हे काय टांगलंयस?"

"तूच तर म्हणतेस, याच्यामुळे कडा वाचला. मान नको का ठेवायला?"

"मेलेल्यांना टांगतात भिंतीवर. काढ त्याला." तो घुटमळला. "काढ म्हणते ना! की मी काठी घालू त्या काचेवर?"

त्याने काढले. तो मला खिशात घालून अंगणात आला. पाहुणे बसले होते, ग्लास पुढे झाले होते. त्याने बाटली उघडली, तिसरा हिस्सा ओतला आणि आयुष्यात पहिल्यांदा मला स्वतःच्या हाताने बुडवले. पाच. इर्मट्राउड बाकावरून पाहत होती. एका दुकानदाराने ग्लासाकडे हात केला.

"थांबा," फोल्कमार म्हणाला. कानापर्यंत लाल झाला, पण म्हणाला. "अजून नाही." आणि ग्लास दोन्ही तळव्यांत धरून तो सगळ्यांसमोर उभा राहिला. त्याच्या हातांना कड्यावरच्या दगडांनी घट्टे पडलेले होते. सहा. सात. कोणीतरी खाकरले. आठ. तो हलला नाही. अकरा झाले तेव्हा त्याने ग्लास क्विंट बाईंपुढे ठेवला.

तर बोकडकड्यावरच्या वेली उभ्या आहेत. पण बाई ज्या चार घरांना नाही म्हणून आल्या होत्या, त्यांच्याकडे मागाहून त्या पुन्हा गेल्या. दोघांनी तोवर वेली काढून टाकल्या होत्या. त्यांचे उतार आमच्या अंगणातून दिसतात, आता तिथे काटेरी झुडपे आहेत. त्यांच्या घरात कोणी खण ओढला नाही, कोणी घाटाकडे धावले नाही. त्यांच्या वाइनला कसला वास होता, हे आता कोणालाच कळायचे नाही. माझा राग त्यासाठी आहे आणि तो उतरणार नाही.

म्हणून सांगतो, मित्रांनो. तुमच्या घरातले जे सगळ्यात चांगले आहे, मग ती वस्तू असो की माणूस, त्याला मानाच्या नावाखाली कोपऱ्यात गोठवून ठेवू नका. आणि दुसऱ्याचे काही बेचव वाटले तर तोंड वाकडे करण्याआधी ते हातात धरा. जरा थांबा. दहा मिनिटे लागतात. त्या दोन उतारांना कोणी तेवढीही दिली नाहीत.